तिकीट एकदाच, किंमत दिवसभर

चामुंडीची टेकडी, राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी वृंदावनची कारंजी हा म्हैसूरच्या सहलीचा आपल्याकडे रुळलेला क्रम आहे. मुले बरोबर असली की त्यात राइड्सची मागणी हमखास येते. खुद्द म्हैसूरमध्ये कृष्णराजसागरच्या रस्त्यावर जीआरएस फँटसी पार्क आहे. बेंगळुरूच्या वाटेवर बिडदीजवळ वंडरला आहे आणि त्याला लागूनच त्याच कंपनीचे रिसॉर्ट आहे. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस मग तिकडे द्यायचे ठरते आणि घरात प्रश्न सुरू होतात. तिकीट कितीला, राइड्स किती, जेवण धरून आहे का, एका दिवसात सगळे होईल का? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक सहली बिघडतात त्या त्याच्याचमुळे. अशा पार्कची पहिली, एका दिवसाची भेट चांगली व्हायची असेल तर ‘सगळे’ हा शब्दच नियोजनातून काढून टाकावा लागतो. हा संयमाचा उपदेश नाही. पार्कचे तिकीट ज्या पद्धतीने आकारले जाते, तिच्यातूनच हा निष्कर्ष निघतो, आणि तो समजला की दिवस, जागा, मुक्काम, कपडे असे पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

तिकिटाच्या दोन पद्धती म्हैसूरमध्येच शेजारी शेजारी पाहायला मिळतात. दसऱ्याच्या निमित्ताने राजवाड्याजवळच्या दोड्डकेरे मैदानावर मोठे प्रदर्शन भरते. तिथे आत जायला एक तिकीट, आणि आतल्या आकाशपाळण्याचे, झोपाळ्यांचे पैसे वेगळे. आपल्या गावजत्रांचा हाच रिवाज आहे. अशा ठिकाणी माणूस प्रत्येक पाळण्यापुढे उभा राहून मनाशी विचारतो, यावर एवढे पैसे घालवावेत का? उत्तर नाही आले की तो पुढे जातो. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा तिथेही साधारण अशीच व्यवस्था होती. काही महिन्यांतच कूपनांच्या पुस्तिका आल्या, त्यांत अक्षरांनुसार प्रती ठरवल्या गेल्या, आणि १९५९ मध्ये सर्वांत थरारक राइड्ससाठी ‘ई’ कूपन निघाले. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याच पार्कचे उदाहरण घेऊन एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. दारावर किती घ्यावे आणि आत प्रत्येक राइडमागे किती घ्यावे, हा त्याचा विषय होता. १९८२ मध्ये डिस्नेलँडने कूपने बंद केली आणि दारावर एकरकमी तिकीट घेऊन आत सगळे खुले ठेवले. आज वंडरला असो, जीआरएस असो की आपल्या खोपोलीचे इमॅजिका, पद्धत मुख्यतः हीच आहे.

एकरकमी तिकीट अमर्याद थाळीसारखे वाटते: पैसे एकदाच, मग हवे तेवढे घ्या. फरक असा की थाळीत वाढप्याचा हात आखडत नाही, आपले पोट भरते. पार्कमध्ये पोट भरण्याआधीच हात आखडतो, कारण प्रत्येक पाळण्याच्या जागा मोजक्या असतात आणि आत शिरलेल्या प्रत्येकाला त्याच हव्या असतात. पुढच्या राइडची किंमत पैशांत शून्य झाली की मागणी फुगते, आणि फुगलेल्या मागणीला आवर घालायला रांगेखेरीज काही उरत नाही. म्हणजे किंमत गेली नाही, फक्त चलन बदलले. दारावर रुपये दिले, आत मिनिटे द्यायची. हे लक्षात आले की ‘आत किती राइड्स आहेत’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. विचारायला हवे ते वेगळेच: आपल्याकडे मिनिटे किती आहेत आणि ती कशावर खर्च करण्यासारखी आहेत? दसरा प्रदर्शनात पाकीट उघडताना आपण जो विचार सहज करतो, तो पार्कमध्ये घड्याळाबाबत करावा लागतो. इथे मात्र त्याची आठवण करून द्यायला तिकीटविक्रेता नसतो.

मिनिटांचा हिशेब मांडून पाहू. असे पार्क साधारण अकराच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी सहा-सातला मिटतात. सात तास धरले तर ४२० मिनिटे होतात. तिकीट, पिशव्यांची तपासणी आणि लॉकर यांत २० मिनिटे जातात. पाण्याच्या राइड्ससाठी कपडे बदलणे, पुन्हा कोरडे होणे, मुलांना आवरणे यासाठी तास धरावा. जेवणाला दुसरा तास. चालणे, स्वच्छतागृह, पाणी पिणे आणि हरवलेल्या मामाला शोधणे यांसाठी ४० मिनिटे. उरली २४० मिनिटे, म्हणजे चार तास. सुट्टीच्या गर्दीत रांग आणि राइड मिळून सरासरी २५ मिनिटे लागतात असे मानले, तर नऊ-दहा राइड्स होतात. आडदिवशी १२ मिनिटांत उरकले तर वीस. बेंगळुरूच्या वंडरलात साठहून अधिक राइड्स आहेत आणि पार्क ८२ एकरांवर पसरलेले आहे. म्हणजे चांगल्या दिवशी एक तृतीयांश आणि वाईट दिवशी एक षष्ठांश, त्याहून पुढे गाडी जात नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत. कुणी जेवण अर्ध्या तासात उरकेल, कुणी पाण्यातून दोन तास बाहेरच येणार नाही. पण कोणतेही वाजवी आकडे घातले तरी ‘सगळे’ या बेरजेत बसत नाही. ज्या कुटुंबाला हे घरीच कळलेले असते ते वीस राइड्स करून खूश होते. ज्याला दुपारी चार वाजता कळते ते तेवढ्याच वीस करूनही चिडचिडत बाहेर पडते.

रांगेचेही गणित सोपे आहे आणि ते ठाऊक असले तर डोळ्यांना वेगळे दिसू लागते. एखाद्या राइडवर २४ जण बसतात आणि बसणे, पट्टे तपासणे, फेरी, उतरणे असे सगळे मिळून चार मिनिटे लागतात असे समजा. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे ३६० माणसे. पुढे १८० जण उभे असतील तर अर्धा तास गेला. पट्टे लावायला प्रत्येक फेरीत एक मिनिट जास्त लागले तर तासाला २८८ माणसेच जातात आणि तीच रांग साडेसदतीस मिनिटांची होते. म्हणून रांगेची लांबी पाहून निर्णय घेऊ नये, तिचा वेग पाहावा. थोड्या जागांची, सावकाश भरणारी राइड छोट्या रांगेतही वेळ खाते. मोठी बोट किंवा लाटांचा तलाव शेकडो लोकांना एकदम सामावतो, तिथे दुपारी गेले तरी बिघडत नाही. यातून पहिल्या तासाचे मोल कळते. दार उघडल्यावर गर्दी एकदम येत नाही, ती दुपारपर्यंत साचत जाते. त्यामुळे मागणी जास्त आणि क्षमता कमी असलेल्या राइड्स सकाळीच गाठाव्यात. वंडरलातला रिकॉइल हा उलटसुलट फिरवणारा रोलर कोस्टर किंवा इमॅजिकातला नायट्रो ज्यांना करायचाच आहे, त्यांनी आधी तिकडे जावे. दारातल्या पहिल्याच पाळण्यापाशी थबकणारा माणूस दिवसातला सर्वांत स्वस्त तास सर्वांत सहज मिळणाऱ्या गोष्टीवर घालवतो.

यावर पहिला आक्षेप अगदी घरगुती आणि रास्त आहे. चौघांच्या तिकिटाचे काही हजार रुपये दिले, इतक्या लांब आलो, मग कमी करून कसे परवडेल, पैसे वसूल नकोत का? या भावनेचा अभ्यास झालेला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग आहे. काही प्रेक्षकांना पूर्ण किमतीत आणि काहींना न मागता सवलतीत तिकिटे दिली गेली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजणारे जास्त नाटकांना आले. नाटके सर्वांना तीच होती. जास्त दिलेले पैसे लोकांना खुर्चीत आणून बसवत होते. पार्कमध्ये हेच घडते. दिलेले पैसे काहीही केले तरी परत येणार नसतात. पुढचा तास कसा घालवायचा एवढेच हातात असते. ऊन तापलेले, धाकटा पेंगुळलेला, आणि तरी ‘अजून तीन राहिल्यात’ म्हणून चाळीस मिनिटांची रांग धरली, तर तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत, त्यात चाळीस मिनिटांची भर पडते. वसुलीच करायची तर ती राइड्सच्या संख्येने मोजू नये. घरातल्या प्रत्येकाची एक तरी मनापासूनची इच्छा पुरी झाली का, हे मोजावे.

राइड्सची संख्या हे खराब माप का, याला आणखी एक पुरावा आहे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या बोचऱ्या थंड पाण्यात मिनिटभर हात ठेवायचा. दुसऱ्या वेळी तेच मिनिटभर, आणि वर आणखी अर्धे मिनिट, ज्यात पाणी हळूहळू एक अंशाने कोमट होते. पुन्हा करायचे झाल्यास कोणते कराल, असे विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवण कालावधी मोजत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर ठरते, असा यातून काढलेला निष्कर्ष आज बराच मान्य आहे. थंड पाण्यावरून थेट रोलर कोस्टरवर उडी मारणे धाडसाचे आहे, आनंदाचे आणि वेदनेचे नियम सर्वस्वी सारखे नसतील. पण नियोजनाला लागणारा धडा यातून मिळतो. पंधरावी आणि सोळावी राइड यांतला फरक वर्षभराने कुणालाच आठवणार नाही. एक जबरदस्त राइड आणि दिवसाचा शेवट मात्र आठवेल. बहुतेक कुटुंबे शेवट नशिबावर सोडतात. तो दमून, भुकेने, ओल्या कपड्यांत, गाडीतळावर गाडी शोधताना होतो. शेवटचा तास आधीच हलक्याफुलक्या गोष्टीसाठी राखून ठेवणे, मग ते मुलांचे छोटे पाळणे असोत की नुसते बसून खाणे, यासाठी पैसे लागत नाहीत. दोन राइड्स सोडाव्या लागतात, एवढेच.

दुसरा आक्षेप असा की रांगच अडचण असेल तर जास्त पैसे देऊन ती टाळावी. वंडरलासारखी पार्क जलद प्रवेशाचे महाग तिकीट विकतात. डिस्नेने १९९९ मध्ये अशी सोय मोफत सुरू केली होती. २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या पार्कमध्ये तिच्या जागी पैसे घेऊन चालणारी व्यवस्था आणली. या तिकिटाने पाळण्याच्या जागा वाढत नाहीत, रांगेतला क्रम बदलतो. एकाने वाचवलेली मिनिटे दुसऱ्याच्या रांगेत जमा होतात. नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा प्रश्न उरतो. रांग बारा मिनिटांची असेल अशा मंगळवारी दुप्पट पैसे देणे म्हणजे नसलेली वस्तू विकत घेणे. जोडून आलेल्या सुट्टीत, परतीचा दिवस ठरलेला असताना, त्याला अर्थ आहे. पण मग विचार असा करावा की तेच पैसे घालून सहलीचा दिवस बदलता येईल का? आडदिवशी जाणे हे सर्वांत स्वस्त जलद तिकीट आहे. रांगेतला वेळ सुसह्य करण्याचे फुकटचे उपायही आहेत. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात दाखवले की रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो आणि कारण न कळलेली वाट पाहणे कळलेल्यापेक्षा जड जाते. अंताक्षरी, पाण्याची बाटली आणि ‘ही रांग अर्ध्या तासाची आहे’ एवढे मुलांना आधी सांगणे याने काम बरेचसे होते.

दिवस निवडताना महाराष्ट्रातल्या कुटुंबाच्या हाती एक चांगली संधी असते. कर्नाटकात शाळांची मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते, आपल्याकडे दिवाळीला. नरकचतुर्दशी ते बलिप्रतिपदा तिथेही सणाची गर्दी असते. पण भाऊबीज उलटली की तिकडच्या शाळा-कचेऱ्या चालू असतात आणि आपली मुले मोकळी. त्या आठवड्यातला सोमवार ते गुरुवार पार्कला चांगला. दसऱ्याचे दहा दिवस याच्या अगदी उलट: तेव्हा म्हैसूरला जायचे तर दसरा पाहायला जावे, राइड्सना नव्हे. डिसेंबर-जानेवारीत आडदिवशीही शाळांच्या सहलींच्या बसगाड्या येतात, हे ध्यानात ठेवावे. पावसाचे गणितही आपल्या सवयीपेक्षा वेगळे आहे. कोकण-घाटातला माणूस जून ते ऑगस्ट बाहेरगावचे बेत रद्द करतो; म्हैसूरला मात्र जास्त पाऊस मे महिन्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो, आणि तो बऱ्याचदा दुपारनंतर गडगडाटासह येतो. विजा चमकू लागल्या की उंच राइड्स थांबवतात. म्हणून उघड्यावरचे थरारक पाळणे सकाळी, हा नियम गर्दीइतकाच हवामानामुळेही पक्का होतो. जुलैतला एखादा ढगाळ बुधवार अशा भेटीला अनेकदा मेमधल्या रविवारापेक्षा सरस ठरतो, फक्त मुलांची शाळा बुडते; तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आता जागा आणि मुक्काम. दोन पार्कांपैकी चांगले कोणते, यापेक्षा आपल्या वाटेवर कोणते, हे आधी पाहावे. बिडदी बेंगळुरूपासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि म्हैसूरहून शंभर किलोमीटरहून अधिक. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्‌घाटन झाल्यापासून हे अंतर लवकर कापले जाते. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, तेव्हा बिडदी स्थानकावर उतरून रिक्षाने जाणाऱ्यांनी सेवारस्त्याचा हिशेब धरावा. तरीही म्हैसूरहून सकाळी निघून रात्री परत म्हैसूरलाच यायचे, हा बेत चुकीचा. विमान किंवा गाडी बेंगळुरूहून असेल तर वंडरला सहलीच्या त्या टोकाला ठेवावे. मुक्काम म्हैसूरमध्येच असेल, मुले लहान असतील आणि पाण्यात खेळणे हेच मुख्य आकर्षण असेल, तर शहरातले जीआरएस पुरते. रिसॉर्टची एकच रात्र परवडत असेल तर बहुतेक जण आदल्या दिवशीची घेतात, म्हणजे सकाळी दारात पहिले. पण पार्क अकराला उघडत असेल तर म्हैसूरहूनही न्याहारी करून वेळेत पोहोचता येते. वाटेत बिडदीची प्रसिद्ध तट्टे इडलीही होते. खरी गरज संध्याकाळी असते, जेव्हा ओली, दमलेली मुले घेऊन दोन तासांचा प्रवास करायचा नसतो. शेवट चांगला हवा, हे मान्य असेल तर ती रात्र पार्कनंतरची घ्यावी. जास्त राइड्स मिळाव्यात म्हणून रिसॉर्ट घेण्यात अर्थ नाही. ते थकव्यावरचा खर्च म्हणून घ्यावे.

घरातली माणसे सारखी नसतात, आणि एकत्र कुटुंबाच्या सहलीत ‘सगळे’ या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त त्रास देतो: सगळ्यांनी सगळे मिळून करायचे. वंडरलात तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरते. ८५ सेंटीमीटरखालच्या मुलांना प्रवेश मोफत आणि तिथून १४० सेंटीमीटरपर्यंत मुलांचा दर. राइड्सवर बसू देण्याचे नियमही उंचीचेच असतात आणि ते सुरक्षेसाठी असल्याने तिथे विनवण्या चालत नाहीत. घरी भिंतीवर खूण करून उंची मोजणे आणि कोणत्या राइड्स मिळणार नाहीत ते मुलाला आधीच सांगणे, हे दहा मिनिटांचे काम रांगेच्या टोकावरचे रडणे वाचवते. पाण्यात सुती कपडे, साडी, ओढणी चालत नाही. नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे लागतात. ज्येष्ठ स्त्रियांना ते रुचत नसेल तर त्यांच्यासाठी पाण्याचा भाग बाद होतो, हे आधीच गृहीत धरावे. रक्तदाब, पाठीचे दुखणे, गरोदरपण असलेल्यांना जोरदार पाळण्यांवर बसू देत नाहीत. आजी-आजोबांना दिवसभर बाकावर पिशव्या राखायला बसवणे हा सहलीचा सर्वांत महाग आणि सर्वांत केविलवाणा भाग असतो. त्यापेक्षा गट फोडावेत: एक पालक आणि मोठी मुले थराराकडे, दुसरा धाकट्यांबरोबर, आणि जेवणाची जागा-वेळ ठरलेली. आजोबांना पार्क नकोच असेल तर त्यांनी म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहावे. १८९२ मध्ये सुरू झालेले ते झाडीतले शांत ठिकाण आहे. फक्त मंगळवारी ते बंद असते.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे. वडियार राजांच्या म्हैसूरला जाऊन राइड्सवर दिवस घालवायचा? एका बाबतीत हा आक्षेप मान्य करायला हवा. म्हैसूरसाठी हातात एकच दिवस असेल तर पार्कचा विचारही करू नये. १९१२ मध्ये पुरा झालेला आणि हेन्री अर्विनने आराखडा केलेला राजवाडा दुसरीकडे कुठे नाही, पाण्याची घसरगुंडी लोणावळ्यातही आहे. तीन दिवस असतील तर मात्र गोष्ट वेगळी. आणि करमणुकीसाठी बांधलेली जागा म्हैसूरला परकी आहे असे मानणेही बरोबर नाही. कृष्णराजसागर धरणाखालचे वृंदावन उद्यान दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने १९२७ ते १९३२ च्या दरम्यान घडवले गेले, काश्मीरच्या शालिमार बागेचा नमुना समोर ठेवून. कारंजी, पायऱ्यापायऱ्यांचे ताटवे, रात्रीची रोषणाई, म्हणजे लोकांनी यावे आणि थक्क व्हावे हाच त्यामागचा विचार. डिस्नेलँड उघडायला तेव्हा अजून दोन तपे अवकाश होता. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने याच जागी डिस्नेलँडच्या धर्तीवर प्रकल्प उभारण्याची घोषणा केली आणि शेतकरी संघटनांकडून तिला विरोधही झाला. जे आहे तेच पुरे मानणाऱ्यांचा पक्ष मला अधिक पटतो, कारण वृंदावनला रांग लागत नाही. पार्कच्या दिवसाला तेच जोडून घेण्याचा मोह होतो, कारण जीआरएस आणि वृंदावन दोन्ही एकाच रस्त्यावर पडतात. तो मोह रविवारी विशेष आवरावा: त्या संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे लागतात. कारंजी आणि दिवे यांपैकी एकच होऊ शकते. पार्क, कारंजी आणि दिवे एकाच दिवसात बसवू पाहणाऱ्याच्या वाट्याला तिन्हींचे गाडीतळ तेवढे येतात.

शेवटचा आक्षेप असा की एवढे ठरवले तर मजा ती काय? मुले वेळापत्रकावर हसत नाहीत. हे खरे आहे, आणि म्हणूनच ठरवायचे ते थोडे. मिनिटामिनिटाचा तक्ता आणि ‘सगळे करू’ हा हट्ट, दोन्हींची मुळे एकाच लोभात आहेत. दोन्हींत रिकाम्या वेळाला जागा नसते. घरून निघताना चार गोष्टी पक्क्या असाव्यात: प्रत्येकाची एक हवीच अशी राइड, सकाळच्या पहिल्या तासाचा क्रम, जेवणाला भेटायची जागा आणि निघायची वेळ. जेवण अडीचला घ्यावे, सगळे जेवतात तेव्हा रांगा ओसरलेल्या असतात. बाकी दिवस मोकळा सोडावा. धाकट्याला एकाच घसरगुंडीवर आठ वेळा जायचे असेल तर जाऊ द्यावे. आठवी वेळही त्याच्या दृष्टीने पहिलीच असते आणि तिथे रांगही नसते. पहिल्या भेटीत पार्कची माहिती होते, आपल्या माणसांचीही होते: कोण उंचीला घाबरतो, कोणाला पाणी सुटत नाही, कोणाला गर्दी सोसत नाही. पुन्हा जायचे का, हा निर्णय या माहितीवर घ्यावा. ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी उरलेल्या चाळीस राइड्स तिथेच आहेत. ज्यांना वाटणार नाही, त्यांचे त्या न केल्याने काही गेलेले नसेल.